डोळ्यांचाही हक्क आहे



गेल्या हिवाळ्यात आमच्या मशिदीत फज्रच्या जमातीला एक तरुण नित्यनेमाने येऊ लागला. वय पंचविशीच्या आसपास, अंगकाठी किरकोळ, अंगात जाड स्वेटर. थंडीत पहाटेची सफ किती रोडावते, हे कोणत्याही इमामास विचारावे. त्यामुळे हा मुलगा मला फार भावला. एका जुम्याच्या बयानात नाव न घेता मी त्याचे उदाहरणही दिले. इतर मुले रजईत गुरफटलेली असताना अल्लाहचा एक बंदा पहिल्या सफमध्ये उभा असतो, असे काहीसे मी बोललो होतो. लोकांनी माना डोलावल्या.

महिनाभराने त्याची आई आमच्या घरी आली. माझ्या पत्नीजवळ बसून तिने दाराआडून मला प्रश्न केला. ती म्हणाली, "इमामसाब, माझा मुलगा फज्रला येतो, कारण तो रात्रभर झोपलेलाच नसतो. नमाज पढून आला की कोसळतो. दहा-साडेदहाला पुन्हा फोन वाजू लागतो. आता काही दिवस असे होते, की पहाटे चारला त्याचा डोळा लागतो. त्याला फज्रला उठवू की झोपू देऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. फिकहचे उत्तर होते, ते मी पुढे सांगणारच आहे. परंतु ज्याचे मी मिंबरवरून कौतुक केले, तो नमाजेसाठी उठत नव्हता, तर झोपेवाचून ताटकळत होता, हे ऐकल्यावर फिकहचे उत्तर तोंडातून निघेना.

मुलगा व्हिडिओ गेम बनवतो. पुण्यातील एका कंपनीत नोकरीस लागला. पुढे टाळेबंदीच्या काळात घरून काम करण्याची पद्धत रुळली, तेव्हापासून तो इथेच, रोशन गेटजवळच्या घराच्या वरच्या खोलीत बसून काम करतो. हे प्रथम कळले तेव्हा माझ्या मनात एकच शब्द आला होता: लहवो-लइब, म्हणजे निरर्थक खेळ-तमाशा. मी मदरशात शिकलो, नंतर मराठी घेऊन बी. ए. झालो. गेम कसा तयार होतो, हे दोन्हीकडे कोणी शिकविले नाही आणि मीही कधी विचारले नाही. त्याच्या आईच्या भेटीनंतर मात्र मी त्याला असरनंतर बसवून घेतले आणि विचारले.

खेळणारे पोर पडद्यावर बोट फिरवते आणि आकृती भिंतीवरून उडी मारते. या एका उडीमागे आकृती रेखाटणारा, तिला हालचाल देणारा, ती उडी संगणकास समजावून सांगणारा आणि पावलांचा आवाज घालणारा अशी माणसे असतात. आणि शेवटी असतो तो तपासणारा, जो त्याच भिंतीवर शेकडो वेळा आपटतो, कारण एखाद्या वेळी आकृती भिंतीतून आरपार जाते आणि तसे का होते ते शोधायचे असते. आमचा मुलगा हा तपासणारा. गेम प्रसिद्ध होण्याची तारीख आधीच जाहीर झालेली असते. ती जवळ आली की कामाचे तास वाढत जातात. या धंद्यात त्यास 'क्रंच' म्हणतात. भरडून काढणे, असा त्या शब्दाचा भाव आहे.

हा धंदा आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ साली पुण्यातील स्टुडिओ आपल्या ताब्यात घेतला, पुढे मुंबईतही दुसरा उघडला. पुण्याच्याच एका छोट्या चमूने बनविलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. मराठवाड्यातील मुले अभियांत्रिकी किंवा ॲनिमेशन शिकून या कामात शिरत आहेत. यातील बरेच काम परदेशी स्टुडिओंसाठी होते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तेथील माणूस ताजातवाना होऊन कार्यालयात येतो आणि इकडे इशा पढून आलेल्या मुलाची बैठक सुरू होते.

गेम बनविणे जायज आहे की नाही, हा वाद या लेखाचा नाही. पैसे लावून खेळण्याचे प्रकार जुगारात मोडतात आणि जुगाराविषयी सूरह अल्-माइदामध्ये (५:९०) स्पष्ट आदेश आहे. देशाच्या संसदेनेही २०२५ मध्ये कायदा करून असे ऑनलाइन खेळ बंद केले. उरलेल्यांबाबत आशय पाहून उलेमा निर्णय देतात. मला येथे दुसराच प्रश्न सतावतो. त्या मुलाला मी विचारले, "तुझ्यावर जबरदस्ती होते का?" तो म्हणाला, "नाही. कोणी थांबा म्हणत नाही. पण कोणी उठतही नाही. आणि खरे सांगू का, मला हे काम आवडते."

म्हणजे रात्र त्याने स्वखुशीने दिली. मग त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल काय? प्रौढ, समंजस माणसाने आपली झोप विकली तर आड येणारे आपण कोण?

हा प्रश्न केवळ आमच्या मोहल्ल्याचा नाही. २०१८ साली अमेरिकेतील रॉकस्टार गेम्सच्या एका संस्थापकाने मुलाखतीत सहज सांगून टाकले, की नव्या गेमसाठी आम्ही काही आठवडे शंभर-शंभर तास काम केले. गदारोळ उठला. मग खुलासा आला, की हे वरिष्ठ लेखकांच्या चौघांच्या गटापुरते आणि तीन आठवड्यांपुरते होते, आणि इतर कोणी असे काम करावे अशी आमची अपेक्षा नाही. खुलासा खरा मानला तरी विचार करा, की ज्या घरात वडील मंडळी शंभर तास जागतात आणि त्याचा उल्लेख अभिमानाने करतात, त्या घरातील धाकटा रात्री दहाला चादर ओढून झोपू शकेल काय?

या ठिकाणी मला हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांची हदीस आठवते. ती सहीह बुखारीत आहे आणि आपण ती अनेकदा ऐकली आहे, पण मी ती या प्रश्नाच्या उजेडात कधी वाचली नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोघांना भाऊ-भाऊ बनविले होते. सलमान (रजि.) भावाच्या घरी गेले, तर उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या, विटक्या कपड्यांत दिसल्या. कारण विचारले. तुमच्या भावाला या जगातील कशाची गरजच उरली नाही, असे त्या म्हणाल्या. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. त्या दिवशी सलमान (रजि.) यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवावयास लावले. रात्री ते नमाजेस उठले तेव्हा झोपा म्हणाले. पुन्हा उठले, पुन्हा झोपविले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा आता उठा म्हणाले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांना समजावले, की तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचा हक्क आहे, घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्या. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा सलमान खरे बोलले, असा निर्वाळा त्यांनी दिला.

अबू दरदा (रजि.) यांच्यावर कोणाची जबरदस्ती होती? कोणाचीच नाही. ते स्वखुशीने जागत होते, आणि तेही अल्लाहच्या उपासनेसाठी. याहून मोठे कारण कोणते असणार? तरीही त्यांना झोपविण्यात आले. कारण जिवाचा हक्क हा माणसाने माफ करून टाकावा असा त्याच्या खिशातला पैसा नव्हे. शरीर ही अमानत आहे. अमानत ठेवणाऱ्याला विचारल्याशिवाय ती विकता येत नाही, विकणारा कितीही राजी असो. इबादतीच्या नावावरही जी झोप मोडून काढता आली नाही, ती एखाद्या गेमच्या प्रकाशन-तारखेसाठी मोडून काढण्याची परवानगी कोठून आणायची? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनाही प्रेषितांनी (स.) असेच थोपविले होते, आणि त्या हदीसमध्ये शरीराबरोबर डोळ्यांच्या हक्काचा वेगळा उल्लेख आहे. दिवसाचे चौदा तास पडद्याकडे पाहणाऱ्याने तो उल्लेख पुन्हा वाचावा.

आणखी एक गोष्ट या हदीसमध्ये आहे, जिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. अबू दरदा (रजि.) यांची अवस्था सलमान (रजि.) यांना कळली ती त्यांच्या पत्नीच्या अवस्थेवरून. २००४ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतील कामाचे तास जगापुढे आले तेही असेच. एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या पत्नीने निनावी पत्र प्रसिद्ध करून लिहिले, की सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम चालते. त्या प्रकरणानंतर त्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या दाव्यांत कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली. इकडे रोशन गेटला बोलली ती आई. भरडला जाणारा स्वतः सहसा बोलत नाही. त्याला काम आवडत असते.

काही वाचक म्हणतील, रात्रीचे जागरण तर आपल्या दीनचा भाग आहे. तहज्जुद आहे, शबे कद्र आहे. खरे आहे. पण सूरह अल्-मुज्जम्मिलची शेवटची आयत (७३:२०) उघडून पाहावी. रात्रीच्या दीर्घ नमाजेचा भार हलका करताना तेथे कारणे दिली आहेत, की तुमच्यापैकी काही आजारी असतील, काही अल्लाहची कृपा म्हणजे रोजी शोधत भूमीवर प्रवास करीत असतील, काही अल्लाहच्या मार्गात लढत असतील. रोजी कमावणाऱ्याच्या रात्रीची एवढी काळजी खुद्द पालनकर्त्याने घेतली. ज्या रात्रीतून अल्लाहने त्याला सूट दिली, ती रात्र आपण मालकाच्या हवाली करून मोकळे होतो.

तसेच रात्री काम करणेच मना आहे, असेही कोणी समजू नये. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत आपले कितीतरी नमाजी बंधू रात्रपाळी करतात, परिचारिका रुग्णांपाशी जागतात. सूरह अर्-रूममध्ये (३०:२३) रात्रीच्या आणि दिवसाच्याही झोपेचा उल्लेख आहे, आणि त्याआधीच्या आयतीत आकाश व पृथ्वीच्या निर्मितीची गणना ज्या निशाण्यांत झाली त्याच मालिकेत ही झोप येते. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो. भोंगा होतो, दुसरी पाळी येते, पहिली घरी जाते. गेम बनविणाऱ्याला भोंगा नसतो. त्याची रात्रही जाते आणि साडेदहाचा फोन त्याचा दिवसही नेतो.

यात कामाचे तरी भले होते काय? सतरा-अठरा तास सलग जागा राहिलेला माणूस सावधपणाच्या चाचण्यांत थोडी दारू प्यायलेल्यासारखा वागतो, हे संशोधकांनी २००० सालीच दाखवून दिले आहे. हे वाचले तेव्हा मला दोन गोष्टी एकदम आठवल्या. एक, नशेत असताना, आपण काय बोलतो हे कळेपर्यंत नमाजेजवळ जाऊ नका, हा आदेश (४:४३). दुसरी, हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस, की नमाजेत डुलकी येऊ लागली तर आधी झोपून घ्यावे, कारण पेंगणारा क्षमा मागायला जाईल आणि स्वतःलाच शाप देऊन बसेल. दोन्हीकडे कारण एकच, शुद्ध हरपणे. मुलाने हसत सांगितले, "इमामसाब, आमच्याकडेही तेच होते. रात्री तीनला एक चूक दुरुस्त करतात आणि दोन नव्या घालून ठेवतात. त्या शोधायला पुढच्या रात्री पुन्हा मी."

प्रेषितांच्या (स.) मशिदीत एकदा दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधलेली होती. ती हजरत जैनब (रजि.) यांची, उभे राहून थकल्या की त्या तिचा आधार घेत. प्रेषितांनी (स.) ती सोडावयास लावली आणि उत्साह असेपर्यंतच नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. त्या मुलाच्या टेबलावर मी एनर्जी ड्रिंकचे सहा रिकामे डबे पाहिले, तेव्हा मला ती दोरी दिसली.

आता जे सांगतो ते सांगण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आहे. त्याच असरनंतरच्या बैठकीत तो म्हणाला, की फोन वाजत नसतानाही वाजल्यासारखा वाटतो, छाती धडधडते, रकाती विसरतात, आणि कधी कधी वाटते की सकाळ होऊच नये. शेवटचे वाक्य त्याने अगदी हळू उच्चारले. आधी कोणाला सांगितलेस का, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुम्हालाच सांगणार होतो. पण तुम्ही जुम्याला माझी तारीफ केली. मग कसे सांगणार?"

वाचकहो, या वाक्यावर मी अजूनही अडखळतो.

आपल्या समाजात मन आजारी पडले की इमान कमजोर झाले, असे म्हणण्याची घाई होते. अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. एकाचे दुखणे दुसऱ्यात उतरते असे त्यांचे म्हणणे होते, आणि शरीराच्या भागात अन्नपाण्याबरोबर झोपेवर त्यांनी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. अल्लाहने इलाजाशिवाय आजार निर्माण केला नाही, म्हणून उपचार करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण मधुमेहाला लागू आहे आणि उदासीनतेलाही. मी दुआ केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. रांगेत आमच्यापुढे दोन दाढीवाले होते. एकमेकांना पाहून आम्ही आधी संकोचलो, मग सलाम केला. ज्याला जाणे शक्य नाही त्याच्यासाठी शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, विनामूल्य, रात्री-बेरात्रीही.

मालकांविषयीही बोलले पाहिजे. हजरत अबू जर (रजि.) यांच्या हदीसमध्ये हाताखालच्यांना भाऊ म्हटले आहे आणि त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे टाकू नये, टाकलेच तर स्वतः हात लावावा, असे बजावले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानेही आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट मोबदला सांगितला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून अधिक तास काम केल्यामुळे एकट्या २०१६ साली पक्षाघात व हृदयविकाराने सात लाख पंचेचाळीस हजार माणसे दगावली. हे वाचून पुण्यामुंबईच्या कंपन्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. रमजानमध्ये शहागंज आणि सिटी चौकात आपल्याच दुकानांवर कामाची पोरे रात्री दोनपर्यंत उभी असतात, सहरी करून पुन्हा अकराला हजर होतात. त्यांच्या झोपेचा हिशोब आपण कोणत्या वहीत मांडतो?

एक बाजू मुलासमोर मांडताना मला जड गेले, तरी मांडली. तो ज्या खेळाच्या भिंती तपासतो, तो खेळ रात्री कोणीतरी खेळत असतो. रोज हजेरी लावली तरच बक्षीस, एक दिवस चुकला तर आधीची मालिका तुटली, अशा रचना पोरांना बिछान्यातून उठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, गेम खेळण्यावरील ताबा सुटणे हा विकार म्हणून नोंदला आहे. स्वतःची झोप गमावून दुसऱ्याची झोप घालविणारी वस्तू बनवायची, हे दुहेरी नुकसान आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या हजेरीच्या बक्षिसाची तपासणी मीच केली होती. नीट चालते का, एवढेच पाहिले होते." मी त्याला दोष दिला नाही. शेकडो माणसांच्या कामात प्रत्येकाच्या वाट्याला एक भिंत येते. पण बैठकीत आपले मत विचारले गेले तर काय बोलायचे, याचा विचार करीन, असे तो म्हणाला.

त्याने नोकरी सोडली नाही. घर त्याच्या पगारावर चालते. सोड म्हणणारा मी कोण? डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने वरिष्ठांना लेखी कळविले, की रात्रीच्या बैठकी आठवड्यात दोनच घेईन आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन बंद राहील. होकार येण्यास तीन आठवडे लागले. प्रकाशनाची पुढची तारीख आली की काय होईल, हे त्यालाही ठाऊक नाही.

आणि खालांच्या प्रश्नाचे उत्तर. झोपलेल्या माणसावरून कलम उचललेली असते, जाग येईपर्यंत त्याच्या नावे गुनाह लिहिला जात नाही. पण घरात उठविणारे कोणी असेल तर त्याने उठवावे. म्हणून मी म्हणालो, "खाला, फज्रला उठवा. घरीच पढू द्या, तो सध्या आजारी आहे, जमातीची त्याला सवलत आहे. नमाज झाली की त्याच्या खोलीचे दार लावा आणि दुपारपर्यंत कोणालाही वर जाऊ देऊ नका, पाहुणा असो की फोन. पण हा प्रश्न पहाटे चारला विचारू नका, रात्री दहाला विचारा. इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, ते आपण सगळेच विसरलो आहोत." त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या अब्बांचा टीव्हीही बंद करायचा?" मी हो म्हणालो. माझ्या पत्नीने आतून माझ्या मोबाइलची आठवण करून दिली, तेव्हा मला त्यालाही हो म्हणावे लागले.

हल्ली पहिल्या सफमधील ती जागा बहुधा रिकामी असते. तो नेक मुलगा कुठे गेला, असे एक-दोन बुजुर्ग विचारतात. घरी नमाज पढून झोपला आहे, असे मी सांगतो. ते माझ्याकडे थोडे विचित्र नजरेने पाहतात.